जगलेल्या नऊ रोपांजवळून सुरुवात करा

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, वय ४६. देवरुखजवळच्या एका गावात सासरची दोन एकर वरकस (उताराची, हलकी) जमीन आणि जुने घर आहे. घरात चुलत सासरे व चुलत सासूबाई राहतात. दोन वर्षांनी आम्ही दोघे कायमचे तिकडे जाण्याच्या विचारात आहोत. तोपर्यंत महिन्यातून दोनदा जाऊन येतो. गेल्या वर्षी मी पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या रीतीने टिकाऊ शेती आखण्याच्या पद्धतीचा, ७२ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्याच उत्साहात जुलैमध्ये उतारावर खड्डे खणून झाडे लावली. चाळीस रोपे नेली होती. खड्ड्यांतली एकतीसही मेली. उरलेली नऊ गड्याने गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला नुसती खोचून ठेवली होती, ती मात्र जगली. विहीर एप्रिलमध्ये आटते. आता पावसाआधी जेसीबी लावून सगळ्या उतारावर चर, वर कातळाजवळ तळे आणि सहाशे झाडांचे फूड फॉरेस्ट (खाण्याजोग्या झाडांचे दाट रान) असा आराखडा मी तयार केला आहे. त्यासाठी चार लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. काका म्हणतात, "या जमिनीत काही व्हायचे नाही, हौसेपायी पैसे घालवू नकोस." माझा आराखडा चुकला आहे का? की मी आधी पुढचा अभ्यासक्रम करावा?

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली आहे. एकतीस रोपांसाठी तुम्ही खड्डे खणले, माती भरली, पाणी घातले आणि ती गेली. नऊ रोपांसाठी कोणी काही केले नाही आणि ती उभी राहिली. तुम्ही हा प्रसंग अपयश म्हणून लिहिला असावा, परंतु मला त्यात जमिनीने दिलेले स्पष्ट उत्तर दिसते. पुढच्या फेरीत आराखड्याचा कागद घरीच ठेवा आणि त्या नऊ रोपांपाशी अर्धा तास बसा. गडग्याच्या वरच्या अंगाला हाताने पातेरा (सुकलेला पाला) बाजूला सारून पाहा. वाऱ्याने उडालेली पाने तिथे येऊन अडलेली असतात, उतारावरून वाहून आलेली बारीक माती तिथे बसलेली असते आणि दगडांच्या सावलीमुळे ती माती भर वैशाखातही हाताला किंचित गार लागते. मोकाट सुटलेली गुरेही गडग्याच्या कोपऱ्यात सहसा शिरत नाहीत. माती, ओल, सावली आणि राखण या चारही गोष्टी तिथे आधीपासून होत्या, म्हणून ती रोपे जगली.

खड्ड्यांतली रोपे का मेली असावीत, तेही पाहू. जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या लाल सच्छिद्र दगडाच्या, उतारावर खणलेला खड्डा भुसभुशीत मातीने भरला की तो दगडात कोरलेल्या कुंडीसारखा वागतो. श्रावणात त्यात पाणी साचून मुळे कुजतात आणि जी वाचतात त्यांना दिवाळीनंतर त्या कुंडीबाहेर जाण्यास वाट नसते. आतली माती तापते, आकसते आणि होळीपर्यंत झाड वाळते. आंबा-काजूची कलमे लावणारे जुने लोक अशा ठिकाणी खड्ड्याच्या एका बाजूने पाण्याला वाट काढून देतात आणि पावसाळा संपताच बुंध्याभोवती पेंढा किंवा पातेरा पसरतात, ते याच कारणासाठी.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की यंदा जेसीबी आणू नये. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. यामागे कारणे आहेत आणि ती तुमच्याच जमिनीची आहेत.

पर्माकल्चर हा शब्द बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ऑस्ट्रेलियातील टास्मानियात घडवला आणि १९७८ मध्ये तो छापून लोकांपुढे आला. समपातळीवर चर खणून पाणी मुरवण्याची जी चित्रे अभ्यासक्रमात दाखवली जातात, ती बहुतेक कमी पावसाच्या, मंद उताराच्या प्रदेशांत उपयोगी ठरलेली आहेत. आपल्याकडे माण, खटाव किंवा पारनेर या तालुक्यांत सलग समपातळी चरांनी खरोखर गावे सावरली, कारण तिथे पडलेला थेंब अडवणे हाच प्रश्न होता. तुमच्याकडे मात्र चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घराचे छप्पर हजार चौरस फुटांचे धरले तरी त्या एका छपरावर हंगामात सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी कोसळते. मग दोन एकरांचा हिशेब तुम्हीच करा. जुलैमध्ये या पाण्याला सुखरूप वाट करून देणे आणि मार्चमध्ये थोडी ओल शिल्लक ठेवणे ही कोकणातली दोन वेगळी कामे आहेत. उतारावरचा चर पहिल्या कामात अनेकदा आडवा येतो.

जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी शेडी असते, म्हणजे पांढरट-पिवळसर, हाताला साबणासारखी लागणारी चिकण माती. जांभ्यातून पाणी चाळणीसारखे खाली जाते आणि शेडीवर येऊन थांबते. तीव्र उतारावर चर खणून तुम्ही आणखी पाणी आत ढकलले, तर वरचा थर त्या ओल्या शेडीवरून घसरू शकतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वाडीत मी पहिल्याच उन्हाळ्यात पुस्तकाप्रमाणे तीन चर काढले होते. आषाढातल्या एका रात्री मधल्या चराची कड फुटली आणि चिखल खाली शेजाऱ्याच्या भाताच्या कुणग्यात (खाचरात) गेला. त्यांचे त्या वर्षीचे भात गेले, आणि तो गाळ घमेल्याने उपसण्यात माझे दोन उन्हाळे गेले. त्यांनी मला एकही कठोर शब्द ऐकवला नाही, परंतु मी चर काढत होतो तेव्हा ते गडग्यापलीकडून दोनदा म्हणाले होते, "इथे पाणी राहत नाही, सुटते." ते ऐकून घेण्यास मला थांबता आले नाही, याची खंत अजून आहे.

कातळाजवळच्या तळ्याचेही तसेच. अस्तर न घालता जांभ्यावर तळे सहसा टिकत नाही, आणि अस्तराचे प्लास्टिक हा चार लाखांतील मोठा खर्च असणार. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की कातळ ओसाड दिसतो तो उन्हाळ्यात. पावसात त्याच्या पातळ मातीवर आणि डबक्यांत जी वनस्पती उगवते, तिच्यातली कित्येक इतरत्र तगत नाही. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात अनेक सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) कातळशिल्पे, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रे, सापडली आहेत आणि कोकणातील या शिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. तुमच्या कातळावर ती असतीलच असे नाही, पण त्यावर यंत्र चढवण्यापूर्वी तो एकदा झाडून, सकाळच्या तिरप्या उन्हात नीट पाहून घेण्याचे कर्तव्य आपले आहे. माझे मत विचाराल तर कातळ आहे तसा राहू द्यावा.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. घराच्या मागील दारी, न्हाणीघराचे पाणी जिथे बाहेर पडते तिथून.

कोकणातल्या जुन्या घरांमागे न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ, कर्दळ आणि एखादा नारळ असतोच. तुमच्या काकूंच्या घरामागेही त्याचे काही ना काही अवशेष असतील. पर्माकल्चरच्या वर्गात केळीचे वर्तुळ म्हणून जे शिकवतात, त्याची रीत आपल्या परसदारी अशी आधीपासून आहे. फक्त सिमेंटची मोरी आणि प्लास्टिकचा पाइप आल्यावर ते पाणी गटारात गेले आणि अळू मंडईतून येऊ लागला. दोन माणसांच्या आंघोळीचे साठ-सत्तर लिटर पाणी रोज, बाराही महिने, विजेशिवाय आणि पंपाशिवाय तिथे येते. तुमची विहीर एप्रिलमध्ये आटते, हे पाणी मात्र एप्रिलमध्येही येते. दोन एकरांत इतकी खात्रीची दुसरी जागा तुम्हाला सापडणार नाही.

घराच्या जोत्यापासून दहा-बारा फूट आणि विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर, उताराच्या खालच्या अंगाला चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असा गोल खड्डा कुदळीने काढावा. निघालेली माती भोवती गोल कड्यासारखी रचावी. खड्ड्यात तळाशी नारळाची सोडणे (सुकी साले), त्यावर सुकलेल्या झावळ्यांचे तुकडे, केळीचे जुने खुंट, मग पातेरा आणि थोडे शेण असे थर भरत ते जमिनीच्या वर हातभर येऊ द्यावेत. ते महिन्याभरात बसतात आणि पुन्हा भर घालावी लागते. न्हाणीचे पाणी या भरावाच्या पोटात सोडावे. पाणी कधीही वर उघडे दिसता कामा नये. दिसले तर डास होतील, आणि डास झाले की काकू पहिल्यांदा तो खड्डा बुजवतील व त्यांचे बरोबरच असेल. कड्यावर केळीचे तीन-चार मुनवे (बुडाशी फुटलेली पिले), त्यांच्यामध्ये अळू आणि बाहेरच्या उतारावर हळद व आले लावावे. छपराच्या पागोळ्यांचे पाणी मात्र इथे येऊ देऊ नये, नाहीतर जुलैमध्ये सगळे वाहून जाईल. त्याला बाजूने छोटी पन्हळ काढून वेगळी वाट द्यावी.

न्हाणीत साधा अंगाचा साबण चालतो. कपड्यांच्या पावडरीचे, ब्लीचचे आणि फरशी पुसण्याच्या औषधाचे पाणी तिकडे जाऊ देऊ नये. न्हाणीचे पाणी पिंपात साठवूही नये, एका दिवसात त्याला वास येऊ लागतो. ज्या भाज्या कच्च्या खाल्ल्या जातात त्या इथे नकोत. अळू आपण शिजवूनच खातो. माकडांचा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण तो असणारच. हळद, आले आणि मिरचीला माकडे सहसा हात लावत नाहीत, आणि केळीचा घड मागील दाराच्या इतका जवळ असला की त्यावर घरातल्या माणसांची नजर राहते. उतारावर दूर लावलेली केळ माकडांचीच असते.

एवढीशी जागा म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद. तुमच्या सहाशे झाडांपुढे ती फार लहान वाटेल. परंतु तुम्ही महिन्यातून चार-पाच दिवस तिथे असता, उरलेले पंचवीस दिवस नसता. या दोन वर्षांत किती लावायचे याचे माप पैशावरून किंवा जमिनीवरून ठरत नाही. तुमच्या गैरहजेरीत जे जगेल तेवढेच लावावे, हेच माप खरे. सहाशे रोपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला प्रत्येकी दहा लिटर पाणी द्यायचे म्हटले तरी सहा हजार लिटर होतात. आटलेल्या विहिरीतून ते कोण काढणार, आणि सत्तरीच्या घरातल्या माणसांनी ते उतारावर कसे न्यावे? एकतीस रोपे मेल्याचे दुःख तुमच्या पत्रात दिसते. सहाशे मेली तर तुमचे तिकडे राहायला जाणेच राहून जाईल, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. होल्मग्रेन यांनी २००२ मध्ये मांडलेल्या बारा तत्त्वांमध्ये पहिले निरीक्षणाचे आहे आणि नववे लहान व सावकाश उपायांचे. तुमच्या अभ्यासक्रमात ही दोन्ही झाली असतील. वर्गात ती फार पटकन सांगून होतात, कारण दाखवण्यासारखे त्यात काही नसते.

काकांविषयी थोडे सविस्तर लिहितो. "या जमिनीत काही व्हायचे नाही" या वाक्यात निराशा आहे, पण बहुधा माहितीही आहे. त्यांनी त्या उतारावर नाचणी-वरी केलेली असेल, कोणत्या वर्षी वणवा कुठून आला ते पाहिलेले असेल, विहिरीला झरा कोणत्या बाजूने आहे ते त्यांना ठाऊक असेल. त्यांना "जमीन सुधारायची आहे" असे सांगू नका. ज्याने आयुष्यभर ती कसली त्याला ते लागते. त्याऐवजी एक-एक नेमका प्रश्न विचारा. पूर्वी कवळ (झाडांच्या पाल्याच्या फांद्या) कुठून तोडायचे? पावसाळ्यानंतर शेवटपर्यंत हिरवे कोठे राहते? गडगा कोणी घातला आणि तिथेच का? गडगा तिथे असण्याला कारण असते, आणि तुमच्या नऊ रोपांचे उत्तरही त्या कारणातच असेल असे मला वाटते. ते राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी, पातेरा जाळत असतील तर पहिल्याच वर्षी त्यावरून वाद घालू नका. त्यांना लागेल तेवढा त्यांचा ठेवून उरलेला तुम्ही गोळा करा. न्हाणीमागची जागा तर काकूंचीच आहे. त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या पसंतीचा अळू लावून काम सुरू झाले, तरच ते तुमच्या माघारी चालेल.

या पावसाळ्यात दुसरे काम आहे ते पाहण्याचे. जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला एक आठवडा रजा काढून तिथे राहा. पाऊस जोरात कोसळत असताना घरात बसू नका. छत्री किंवा इरले घेऊन वरच्या कातळापासून खालच्या पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) चालत जा. पाणी कुठून आत येते, कुठे पसरते, कुठे गढूळ होते आणि कुठे नितळच राहते, तिथे तिथे काठी रोवून खूण करा. जिथे पाणी नितळ वाहते तिथे माती सुरक्षित आहे. जिथे ते एकदम लाल होते तिथली जमीन जखमी आहे आणि पुढे काम करायचे ते तिथे. पाऊस थांबल्यावर अशा जागी दगडाची दोन-तीन ओळींची बुटकी ताल (दगडी बांध) घालावी. पाणी अडवण्याचा प्रयत्न त्यात नसावा. त्याचा वेग कमी झाला की गाळ आपोआप मागे बसतो.

समपातळीची रेष ओळखण्यास यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या सात-सात फुटांच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधाव्यात, मध्ये आडवी काठी बांधावी आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड लोंबकळत सोडावा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन ठिकाणी पुन्हा टेकवावे आणि दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत असतात. पाणलोटाच्या कामावरची माणसे याला ए-फ्रेम म्हणतात. ही चौकट घेऊन गडग्याशेजारून एकदा चालून पाहा. जुने गडगे आणि कुणग्यांचे बांध पुष्कळदा या रेषेच्या किती जवळून जातात, हे पाहिल्यावर काकांशी बोलण्याचा तुमचा सूर आपोआप बदलेल.

सावलीचीही नोंद ठेवा. तुमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि वर्षाचा उरलेला काळ दक्षिणेला. मे महिन्यात उन्हाची म्हणून निवडलेली जागा डिसेंबरात फणसाच्या सावलीत जाऊ शकते, आणि हिवाळी भाजीला तर डिसेंबरचेच ऊन लागते.

नऊ रोपांसाठी एवढे करा : गडग्याच्या बाजूने गिरिपुष्पाचे, म्हणजे तिकडे ज्याला उंदीरमारी म्हणतात त्याचे, हातभर लांबीचे जाड फाटे पहिल्या पावसात दीड-दोन फुटांवर खोचत जा. ते सहज रुजतात, हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि वर्षभराने छाटलेला पाला रोपांच्या बुडाशी घालता येतो. पातेरा चार-सहा इंच जाड घालावा, पण बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर पावसात साल कुजते. दिवाळीनंतर त्या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला गवत काढून पाच-सहा फुटांची मोकळी जाळरेषा ठेवावी. फाल्गुनातल्या वणव्यापासून राखण हे एकच काम असे आहे, ज्यासाठी निरीक्षण करत थांबता येत नाही. जमल्यास त्याच ओळीत यंदा दहा-बारा रोपे वाढवा. कोकम, जांभूळ, किंजळ, रामफळ अशी, आणि गावाजवळ देवराई असेल तर तिथे काय उगवते ते आधी पाहून. त्याहून अधिक नकोत.

पुढच्या अभ्यासक्रमाविषयी : तो आत्ता करू नये. त्याऐवजी दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या बागेत काळी मिरी, जायफळ, दालचिनी यांचे थर कसे बसवतात, हे तिथल्या लाखी बागेत, म्हणजे अशा मिश्र पिकांच्या बागेत, पाहता येते. दुसरे ठिकाण म्हणजे गोव्यातले एखादे चालते कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पारंपरिक मिश्र बाग. सुपारी, नारळ, केळी, मिरवेल आणि खालचे अननस एकाच पाटाच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या कसे उभे आहेत, हे पाहताना लक्षात येईल की तिथे आधी पाण्याची वाट ठरली आणि मग झाडे आली.

चार लाख रुपये बँकेतच असू द्या. त्यांतले फार तर दहा-बारा हजार यंदा खर्च व्हावेत, तेही गड्याची मजुरी, रोपे आणि दगडी कामापुरते. दोन पावसाळे पाहून झाल्यावर, तुम्ही तिथे राहायला गेल्यावर, कदाचित यंत्राने करण्यासारखे एखादे काम खरोखर निघेल, बहुधा विहिरीजवळ. तेव्हा ते कुठे आणि किती खोल, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

मृग लागण्यास अजून काही आठवडे आहेत. आगोटीची (पावसाळ्याच्या तोंडाची) कामे सुरू होण्यापूर्वीच एकदा जाऊन या, काकूंना भाजीचा अळू हवा की वडीचा ते विचारून घ्या, आणि शेजारपाजारी कोणाच्या न्हाणीमागे तो असेल तर त्याचे चार कंद मागून आणा.